धडा आधी, धक्का मागून

त्या कॉलेजातल्या किल्ल्या कुठल्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. रसायनांच्या कपाटाची डाव्या खिळ्याला, प्रयोगशाळेची मधल्या, आणि उजव्या खिळ्याला काहीही टांगायचं नाही, तो भिंतीतून निसटतो. माझ्या स्वतःच्या घराची किल्ली मी आठवड्यातून एकदा तरी हरवते. भोकरदन सोडून मला आता जमाना झाला, ते कॉलेजही नव्या इमारतीत गेलं म्हणतात. पण तो निसटणारा खिळा माझ्या डोक्यातून काही निघत नाही. ही सगळी सरांची करणी.

जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी रसायनशास्त्र शिकवायला नाशिकहून तिथं नवी नवी आले होते. सर प्राणिशास्त्राचे. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, अंगानं काटकुळे, पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याची बटणं अधूनमधून एक घर चुकलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला फार अदबीनं स्टाफरूम दाखवली, नळ कुठला गळतो ते सांगितलं, किल्ल्या दाखवल्या. मी मान डोलावली आणि वळले. एवढ्यात माझ्या कानामागं त्यांनी भज्यांचा रिकामा पुडा फुगवून फाडकन फोडला. हातातला डबा खाली पडला आणि फरशीभर भात झाला. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. सर मात्र जराही हसले नाहीत.

"आता ह्या किल्ल्या तुम्ही मरेपर्यंत विसरायच्या न्हाईत, मॅडम," म्हणाले आणि भात गोळा करायला स्वतः खाली बसले.

माणूस वेडा आहे असं माझं त्या दिवशी ठाम मत झालं. नंतर कळलं की निम्म्या गावाचं तेच मत होतं आणि उरलेल्या निम्म्या गावाची पोरं सरांच्या वर्गात होती.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस दचकला की त्याच्या मेंदूत नॉरॲड्रेनालिन नावाचं एक द्रव्य सुटतं, आणि ते सुटलं की नुकतंच जे कानावर पडलेलं असतं ते पक्कं होतं. म्हणून आधी शिकवायचं, शांतपणे, आणि शिकवून झालं रे झालं की पोरांना दचकवायचं. धडा आधी, धक्का मागून. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. क्रम उलटा केला तर पोरांना धक्का तेवढा आठवतो, धडा राहून जातो, असं ते बजावून सांगायचे. जालन्याच्या कुण्या डॉक्टरांनी रद्दीत काढलेली परदेशी मासिकं त्यांनी पोत्यात भरून आणली होती आणि त्यातलं हे सगळं वाचून काढलं होतं. नॉरॲड्रेनालिनचं सूत्र मी फळ्यावर झटकन काढून दाखवलं असतं. पण त्या सूत्राचा भज्यांच्या पुड्याशी काही संबंध असेल हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यातही त्यांची एक पंचाईत होती. तोच धक्का दुसऱ्यांदा चालत नसे. "धक्का शिळा झाला की मेंदू कूस बदलून झोपतो," ते म्हणायचे. त्यामुळे बिचाऱ्यांना सतत नवीन काहीतरी शोधावं लागे. एकदा पचनसंस्था शिकवून झाल्यावर त्यांनी स्वतःची कवळी काढून पहिल्या बाकावर ठेवली. त्यांना कवळी आहे हेच तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा टेबलाच्या खणातून कोंबडी सोडली. एकदा तर हृदयाचे कप्पे सांगून झाल्यावर त्यांनी पडक्या चेहऱ्यानं प्राचार्य वारल्याचं जाहीर केलं, आणि पोरं सुन्न होऊन बसली असताना प्राचार्य मागच्या दारानं आत आले. एक मुलगी किंचाळली. प्राचार्यही किंचाळले, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

त्यावरून पुष्कळ बोलणी बसली. सर खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी प्राचार्य थकून म्हणाले, "अहो, पण माझाच जीव का घेतला?"

"दुसऱ्या कुणाच्या मरणानं एवढा फरक पडला नसता, सर," आमचे सर म्हणाले. प्राचार्य विरघळले. माणूस लबाड नव्हता, पण कुठं काय बोलावं हे त्याला बरोबर कळायचं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात मासिकांनी घातलं असं मी समजत होते. एकदा बस स्टँडवर चहा पिताना त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ते मूळचे केदारखेड्याचे, घरची शेती.

"मी लहान असताना आजानं मला बांधावर नेल्तं," ते म्हणाले. "एक दगड दाखवला. म्हणला, हा आपला दगड. ह्याच्या अलीकडं आपलं, पलीकडं भावकीचं. नीट बघून घे. मी बघितला. आणि मंग कानाखाली अशी एक ठेवून दिली की मी त्या दगडावरच पडलो."

"का? काय केलं होतं तुम्ही?"

"काही बी न्हाई. त्याच्या बापानं त्याला तसंच शिकवल्तं. आमच्या घरात बांध असाच दाखवतात." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुढं भावकीनं दगड सरकवला तर मी अंधारात जाऊन सांगितलं, हिथं न्हाई, तिथं. पंचांनी उकरलं, जुनी खूण तिथंच निघाली. मॅडम, आजा अडाणी होता. पण बघा, आधी दगड दाखवला, मंग मारलं."

मला ते ऐकून कसंतरीच झालं. सर मात्र आपल्या आजाबद्दल फार मायेनं बोलत होते.

सगळं गाव दचकवणाऱ्या या माणसाला एकच व्यक्ती कधी दचकली नाही. त्यांची बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोघंच असायची, आणि मी एकटी राहते म्हणून वहिनी मला अधूनमधून जेवायला बोलवायच्या. एकदा माझ्यासमोर सरांनी पिठाच्या डब्यात रबरी पाल ठेवली. वहिनींनी झाकण काढलं, पाल सांडशीनं उचलली, खिडकीत ठेवली आणि पीठ घ्यायला लागल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"झालं का तुमचं? हात धुवा," एवढंच म्हणाल्या.

"हिच्या डोक्यात फावडेवालाच न्हाई," सर हताश होऊन मला म्हणाले. फावडेवाला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही.

"मी बी भ्यायला लागले तर भाकरी कोण करील?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बाई, ह्यांना बेडकाच्या नसा ध्यानात राहतात. मी सांगितलेलं तेवढं राहत न्हाई. रोज सकाळी सांगते, बटनं वरखाली लागलीत, नीट लावा. रोज. उद्या पुन्हा हायेच."

"तू सांगतीस हळू," सर म्हणाले. "हळू सांगितलेलं ध्यानात राहत न्हाई. शास्त्र हाय."

"मंग काय बोंबलून सांगू?" वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

मला मात्र ते दचकवत राहिले. माझी बदली झाल्याची थाप त्यांनी इतक्या बेमालूमपणे मारली की मी सामान बांधायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भर स्टाफरूममध्ये त्यांना सुनावलं, "सर, एक दिवस मी तुम्हाला असा धक्का देणार आहे की तुम्ही जन्मभर विसरणार नाही." सगळे हसले. सरांना तर फारच आनंद झाला.

"द्या की. वाट पाहून राह्यलो," ते म्हणाले. तेव्हापासून मी समोर आले की ते थट्टेनं दोन्ही हात डोक्यावर धरायचे.

आता मी त्या दिवसाचं सांगते.

वहिनी दोन दिवसांपूर्वी भावाकडे जालन्याला गेल्या होत्या. त्यामुळे सर सकाळी आले तेच सदऱ्याचं एक टोक वर आणि एक खाली असे. पोरं खुसखुसत होती. मी सांगणार होते, पण बाईमाणसानं परपुरुषाला बटणांचं काय सांगावं म्हणून गप्प बसले. दुपारी प्राचार्य बाहेर होते, कारकून जेवायला गेला होता आणि ऑफिसातला काळा फोन वाजत होता, म्हणून मी उचलला. वहिनींचे भाऊ बोलत होते.

"दाजींना पाठवा जल्दी. अक्का सकाळपासून छातीत दुखतंय म्हणून राह्यली. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात नातेवाईकांना बोलावून घ्या." मग आवाज फुटला. "त्यांना म्हणावं, बिलकुल येळ लावू नका. ती विचारून राह्यली."

मी खिडकीतून बघितलं. समोर स्टँडवर जालन्याची गाडी लागली होती आणि कंडक्टर दाराशी उभा होता. ती गेली की पुढची थेट संध्याकाळी. मी पळत सरांच्या वर्गाकडे गेले.

वर्ग शिगोशीग भरलेला. फळ्यावर दोन चेतापेशी काढलेल्या, मध्ये थोडी फट. नेमका त्यांचा सगळ्यात लाडका धडा चालला होता.

"ही पेशी त्या पेशीला निरोप देती," ते सांगत होते. "मधी फट हाय. फटीतून रसायन जातं, पलीकडं बारकी दारं असतात, दारं उघडली की निरोप पोचला. आता तुम्ही सगळे शेतकऱ्याची लेकरं. पाटाचं पाणी येऊन राह्यलं आणि वाफ्याचं दार चिमूटभर उघडं हाय. काय होईल? पाणी झिरपंल, पण वाफा भिजणार न्हाई. मंग फावडेवाला येतो. तो काही पाणी आणत न्हाई. एक घाव घालतो आणि दार रुंद करतो. पाणी तेवढंच, पण आता भसाभस चाललं. असं जोरात गेलं की तिथली माती खोल होती, मंग पुढच्या पाळीला थोडं पाणी बी सरळ आत शिरतं. मेंदूतला हा फावडेवाला म्हंजी नॉरॲड्रेनालिन. निरोप त्याचा नसतो. तो दुसऱ्याचा निरोप पक्का करतो."

"सर," मी दारातून म्हणाले. "जालन्याहून फोन आलाय. वहिनींना दवाखान्यात नेलंय. तुम्हाला आत्ताच्या आत्ता निघायला हवं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा आनंदानं उजळला.

त्यांनी खडू ठेवला आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. सगळा वर्ग खो खो हसायला लागला.

"अरे, मॅडमचा वार," सर पोरांना म्हणाले. "बघा, किती दिवसांनी केला. चेहरा कसा केलाय बघा, घाम बी आणलाय." मग माझ्याकडे वळून, मास्तर चांगल्या विद्यार्थ्याला सांगतो तसं कौतुकानं म्हणाले, "जमलंय, मॅडम. पण जरा घाई झाली. माझा धडा अजून संपला न्हाई. धडा आधी—"

"धक्का मागून," अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"सर, मी खरं सांगतेय."

"प्राचार्य वारले तवा मी बी खरंच सांगत होतो," सर म्हणाले. पुन्हा हशा.

मी देवाची शपथ घेतली. त्यांनी ती सुद्धा वाखाणली. मी वहिनींच्या भावाचं नाव घेतलं. ते म्हणाले, तयारी चांगली केली. मी रडायला लागले तर मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. इतका हतबल करणारा प्रसंग माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही. माझ्या तोंडातून निघणारा एकेक खरा शब्द त्यांना खोट्याचा पुरावा वाटत होता, आणि बाहेर गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी खडू उचलला.

मी व्यासपीठावर चढले आणि त्यांच्या कानाखाली मारली.

माझ्या हाताला मुंग्या आल्या. सगळा वर्ग असा चिडीचूप झाला की खडूचा तुकडा फरशीवर घरंगळत गेलेला ऐकू आला. एका बाईनं, तेही तिशीच्या आतल्या, एका वडीलधाऱ्या मास्तरला भर वर्गात मारलं होतं. माझा मलाच विश्वास बसत नव्हता. सर गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं गेलं.

"खरंच?" ते म्हणाले.

"खरंच, सर. गाडी निघालीय."

ते पळाले. मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं. पोरं त्यांच्याही पुढं पळाली, गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर पडत होती तिच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि त्यांनी सरांना अक्षरशः उचलून आत घातलं. वर्गात मी आणि फळ्यावरच्या त्या दोन पेशी एवढेच उरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, वहिनी गेल्या. सर वेळेवर पोचले की नाही हे निरोप आणणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि सरांना विचारायची आमच्यापैकी कुणाचीच छाती झाली नाही.

ते पंधरा-वीस दिवसांनी कॉलेजात आले. शिकवायला लागले. पण पुन्हा कुणाला दचकवलं नाही. धडा संपत आला की पोरं सवयीनं अंग आवळून बसायची, कुठून काय येतंय म्हणून भेदरून इकडं तिकडं बघायची. मग नुसतीच घंटा व्हायची आणि सर डस्टर उचलून निघून जायचे. ते बघणं त्या कोंबडीपेक्षा आणि कवळीपेक्षा जास्त भयंकर होतं. माझ्याशी ते नीट बोलायचे, पण त्या चापटीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. गावात मात्र तो चांगलाच निघाला. भाजीवालीसुद्धा माझ्याकडे बघून कोपरखळी मारायची. एक नवी गोष्ट तेवढी माझ्या लक्षात आली. सर बोलता बोलता सदऱ्याच्या बटणांवरून बोट फिरवायचे, वरून खाली. शिकवताना, सही करताना, नळाखाली हात धुऊन झाल्यावर. आधीच विक्षिप्त माणूस, त्यात आणखी एक खूळ, असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढं माझं लग्न झालं आणि मी तिथून गेले.

पुष्कळ वर्षांनी बदनापूर स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना एक चांगलं पोट सुटलेला गृहस्थ माझ्या पाया पडला. त्या वर्गातला विद्यार्थी. आता खताचं दुकान चालवतो म्हणाला. प्राणिशास्त्राशी त्याचा काडीचा संबंध उरला नव्हता.

"मॅडम, त्या दिवशीचं मला सगळं आठवतं," तो म्हणाला आणि फलाटावर उभ्या उभ्या त्यानं पाट, वाफा, फावडेवाला हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. "आमच्या सगळ्यांना येतं. कुणालाबी विचारा."

सर कुठं असतात विचारलं तर म्हणाला, केदारखेड्याला, शेतात.

त्याच महिन्यात मी गेले. सर बांधावरच्या कडुलिंबाखाली बाज टाकून बसले होते. कवळी लावलेली नव्हती, त्यामुळे गाल आत गेलेले. मला ओळखून त्यांनी हात जोडले, आणि दुसऱ्याच क्षणाला दोन्ही हात डोक्यावर धरले. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं.

"सर, तुमच्यावर हात उचलला मी," मी म्हणाले.

"चांगलं केलं. न्हाईतर गाडी गेल्ती." त्यांनी बाजेवर सरकून मला जागा करून दिली. "वेळेवर पोचलो मी, मॅडम. कुणी विचारलंच न्हाई मला."

"बोलल्या का वहिनी?"

"बोलली. मी काय काय ठरवून गेल्तो. गाडीत सगळं जुळवलं, हे सांगीन, ते सांगीन. खाटेजवळ गेलो तर तिनं डोळे उघडले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाली..." त्यांचं बोट सदऱ्यावर गेलं. "बटनं वरखाली लागलीत, नीट लावा."

पाटाचं पाणी पलीकडच्या वाफ्यात जात होतं. सर एकेक बटण चाचपत खाली आले.

"मी खाली बघून लावली. सगळी सोडून एकेक करून पुन्हा लावली, वेळ लागला. लावून वर बघितलं तर ती गेल्ती." ते माझ्याकडे बघत नव्हते. "बराबर क्रमानं झालं. मी जसं शिकवायचो तसं."

"रोज सांगायची, मॅडम," सर म्हणाले. "तेवढ्याच हळू. इतक्या वर्षांत एक दिवस माझ्या ध्यानात राह्यलं न्हाई."